मनाचं दुखणं आणि गटाची सोबत

मागच्या भागात आपण बँक कर्जाचं नूतनीकरण कसं करायचं ते बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच विचारणा आली. कर्ज घेतलेली सदस्य बैठकीलाच येत नसेल तर दंड किती लावायचा आणि ठराव कसा लिहायचा? याचं उत्तर आम्ही देणार आहोत, पण जरा वळसा घालून. कारण आमच्याच एका गटात आम्ही असा दंड लावला होता, ठरावही लिहिला होता, आणि ते आमचं चुकलं होतं.

ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिची आम्ही परवानगी घेतली आहे. "गोष्ट सांगा, नाव सांगू नका, गावही सांगू नका," असं ती म्हणाली. म्हणून आम्ही तिला नुसतं 'ती' म्हणणार आहोत.

गट अकरा जणींचा. ती सचिव. बारावी झालेली, अक्षर सुंदर, हिशेबात कधी रुपयाची चूक नाही. मंगळवारी दुपारी तीनची बैठक असली की पावणेतीनला सतरंजी अंथरून बसलेली असायची. शेळ्यांसाठी तिनं गटातून पंधरा हजार घेतले होते आणि सहा हप्ते वेळेवर फेडलेही होते. मग एक मंगळवार ती आली नाही. पुढचाही नाही. वही दुसरीकडे गेली. प्रत्येक गैरहजेरीला दहा रुपये दंड, हा आमचा नियम. तो लागत गेला. त्यात दोन हप्ते थकले. मग ठरावाच्या वहीत आम्ही एक ओळ लिहून घेतली: 'सदर सदस्य हेतुपुरस्सर गैरहजर राहतात.' हा 'हेतुपुरस्सर' शब्द आम्हीच सुचवला होता. समन्वयक म्हणून चार प्रशिक्षणं झालेली, असले शब्द तोंडात बसलेले असतात.

वसुलीसाठी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. रात्रीची भांडी तशीच होती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, केसांत फणी फिरवून किती दिवस झाले असतील कोण जाणे. सासू म्हणाली, "महिना झाला हिचं असंच चाललंय. दुखतंय म्हणते, काय दुखतंय ते सांगत नाही." आम्ही काय केलं? आम्ही तिला सल्ले दिले. ऊठ, अंग झटक, शेतात जाऊन ये, बरं वाटेल. तुला काय कमी आहे? नवरा दारू पीत नाही, दोन्ही पोरं शाळेत हुशार आहेत, चार एकर रान आहे. लोकांची दुःखं बघ जरा.

ती "हो" म्हणाली. आम्ही म्हणालो, चला, समजलं तिला.

आमच्यात एक वयस्क अक्का होत्या. त्यांना सही येते, बाकी लिहिता-वाचता येत नाही. त्या उठल्याच नाहीत. तिथंच तिच्याजवळ बसल्या, कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली आणि तिचे केस विंचरायला लागल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. खूप वेळानं ती म्हणाली, "अक्का, मला रडूसुद्धा येत नाही हो."

हे आम्हाला अक्कांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर आम्ही परतीच्या गाडीत बसून तिचा हप्ता कोणत्या महिन्यात वळता करायचा याचा हिशेब करत होतो.

आता मानसिक आरोग्य म्हणजे काय ते बोलू. हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे पहिलं चित्र येतं ते रस्त्यानं फिरणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या माणसाचं. 'डोक्यावर परिणाम झालाय' असं आपण ज्याला म्हणतो ते. म्हणजे मानसिक आरोग्याचा अर्थ काय, तर वेडं नसणं. पुढं एका बैठकीत आम्ही हाच प्रश्न गोल करून बसलेल्या सगळ्यांना विचारला, तेव्हा पहिली तीन उत्तरं अशीच आली. मग जरा वेळ गेला आणि बायका आपापल्या मनातलं बोलायला लागल्या. एक म्हणाली, रात्री पाठ टेकली की झोप लागणं. एक म्हणाली, जाऊ टोचून बोलली तर तेवढ्यापुरतं वाईट वाटावं, आठ दिवस पोटात घेऊन फिरायला लागू नये. नवरा गेलेली एक जण म्हणाली, दारात उभं राहून मोठ्यानं हसता यावं आणि कोण काय म्हणेल हा विचार मनात येऊ नये. आणि ती म्हणाली (तोवर ती परत यायला लागली होती), "मला चहाची चव लागते का, ते मी रोज बघते. मधले चार महिने चहा नुसता गरम लागायचा."

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही याच्या आसपासच आहे. रोजच्या ताणाला तोंड देता येणं, आपल्यात काय आहे ते ओळखता येणं, नीट शिकता येणं, नीट काम करता येणं आणि आपल्या माणसांसाठी काही करता येणं. आम्हाला मात्र ती चहाची व्याख्या जास्त पटते. प्रत्येकीची अशी एक खूण असते. कुणाची गुणगुणणं बंद होतं, कुणी दारातली रांगोळी सोडते, कुणी माहेरी फोन करायचं थांबवते. आपल्या गटातल्या बाईची खूण काय, हे तिच्या शेजारणीला कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळतं.

तिला जे झालं होतं त्याला डॉक्टरांच्या भाषेत नैराश्य म्हणतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहतं, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, आपण कुणाच्या कामाच्या नाही असं वाटायला लागतं. यातलं बरंचसं दिवसभर, जवळजवळ रोजच चालू असतं. पण आपल्या बायका दवाखान्यात जाऊन 'मन उदास आहे' असं कधी म्हणतात का? त्या म्हणतात, अंग मोडून येतंय, डोकं भणभणतंय, छातीत धडधडतंय, हातापायाला मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो. ती काही खोटं बोलत नसतात. मनाचा आजार अंगातून बोलतो. मग सलाईन लागतं, ताकदीचं इंजेक्शन होतं, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तिच्या घरच्यांनी असे चार दवाखाने केले, मग एका देवऋषीकडे नेलं, लिंबू-नारळ झालं. आम्ही कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. पण बाधा काढायच्या नावाखाली कुणाला मारणं, दोरीनं किंवा साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिच्यावर ती वेळ आली नाही, हे तिचं नशीब.

'तुला काय कमी आहे' या प्रश्नाबद्दलही सांगायला हवं, कारण तो आम्हीही विचारला होता. नैराश्याला कधी कारण असतं: पीक जातं, कर्ज होतं, घरात मारहाण असते, माणूस जातं. बाळंतपणानंतरही येतं. त्याला आपण बाळंतवात म्हणून सोडून देतो. बाळंतपणानंतर पहिले थोडे दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही चालू राहिलं, तर दाखवायलाच हवं. आणि कधी सांगण्यासारखं कारणच नसतं. साखरेच्या आजाराला आपण कारण विचारत बसत नाही, मग इथंच का? उलट कारण सापडत नाही म्हणून ती बाई स्वतःलाच दोष देते. सगळं असून मी अशी, म्हणजे माझ्यातच खोट. आमच्या प्रश्नानं आम्ही तिच्या त्या दोषात भरच घातली होती.

देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की प्रौढ माणसांत, दारूच्या व्यसनासह, शंभरात साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मनाचा आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांवर काहीच उपचार चालू नव्हते. हा देशाचा सरासरी आकडा आहे. पण दीड हजार मतदारांचं गाव धरलं तर दीडशेच्या आसपास माणसं होतात. आपल्याला त्यातली दोन-तीन दिसतात, जी रस्त्यावर असतात ती.

आता दुसरा शब्द. आमच्या प्रशिक्षणात 'ॲडव्होकसी' हा शब्द फार यायचा. कुणी त्याला पैरवी म्हणतं, कुणी जनवकिली. एका गटात तर बायकांना वाटलं वकील लावायचा आहे आणि त्याची फी विचारून झाली. साधा अर्थ असा, की ज्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही त्याच्या बाजूला उभं राहायचं आणि ते ऐकलं जाईल असं बघायचं. त्याला मोर्चा लागत नाही. आम्ही ती पहिल्यांदा पाहिली तीही अक्कांकडेच.

तिला उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं ठरलं. तिथं ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ येतात, हे आशाताईंनी सांगितलं. सोबत नवरा, अक्का आणि आम्ही. नंबर लागला. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला विचारायला सुरुवात केली. झोपते का? जेवते का? चिडते का? नवरा बिचारा अंदाजानं सांगत होता. अक्का म्हणाल्या, "साहेब, ती इथंच बसलीय. तिलाच विचारा ना." डॉक्टरांनी वर पाहिलं, खुर्ची वळवली आणि तिला विचारलं. पहिल्यांदा तिनं मान हलवली. मग म्हणाली, "पहाटे तीनला जाग येते. मग वाटतं, हा दिवस कसा काढायचा." हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. आम्ही पदवी घेतलेल्या, बोलायला शिकवणाऱ्या, पण त्या दिवशी आमच्या तोंडून हे वाक्य निघालं नसतं. मोठ्या डॉक्टरसमोर आपण गप्प बसतो.

औषध सुरू झालं. इथं एक गोष्ट नीट ऐका. नैराश्याच्या गोळीनं दुसऱ्या दिवशी बरं वाटत नाही. दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. आणि बरं वाटायला लागल्यावर लगेच बंद करायची नसते. किती महिने घ्यायची आणि कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतात. तिच्या सासूनं तिसऱ्या आठवड्यात गोळ्या उचलून ठेवल्या होत्या, सवय लागेल म्हणून. सासू वाईट नव्हती, तिला भीती वाटत होती. तिच्याशी भांडायला न जाता अक्का तिच्याबरोबर शेंगा फोडत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची बीपीची गोळी किती वर्षं चालू आहे?" सासूनं गोळ्या परत आणून दिल्या.

आणि मग आम्ही दुसरी चूक केली. तिला जरा बरं वाटायला लागलं होतं. प्रभागसंघाच्या मोठ्या बैठकीत आम्ही उत्साहानं तिची गोष्ट सांगितली, तिच्या नावानिशी. 'आमच्या गटानं कशी मदत केली' म्हणून. टाळ्याही वाजल्या. चार दिवसांत तिच्या नणंदेच्या गावापर्यंत गोष्ट गेली की हिला 'डोक्याच्या गोळ्या' चालू आहेत. ती पुन्हा तीन आठवडे बाहेर पडली नाही. आम्ही तिच्या बाजूनं बोललो होतो, पण तिला न विचारता. हे आम्हाला अजून सलतं. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, काय सांगायचं, किती सांगायचं आणि कुणाला सांगायचं हे तिनं ठरवायचं. आमचं काम फक्त तिच्या शेजारी बसण्याचं.

कायदाही हेच म्हणतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे. सरकारी सेवेत मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. कुणालाही साखळीनं बांधून ठेवायला बंदी आहे. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा मानतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. त्यामुळे 'पोलीस केस होईल' या भीतीनं दवाखान्यात नेणं टाळू नका. विमा कंपनीनं शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही विमा द्यायचा आहे. आणि आणखी एक सोय आहे, जी आम्हाला फार आवडली. उद्या आपल्याला स्वतःचं ठरवता येईनासं झालं, तर उपचाराबाबत आपल्या वतीनं कोण बोलेल, हे आपण आधीच लिहून ठेवू शकतो. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. पासबुकात नॉमिनी लावतो तसंच, फक्त हा जिवंतपणीचा नॉमिनी. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झालं. ती व्यक्ती नात्यातलीच हवी असंही नाही. आमच्या गटात दोघींनी असे कागद केलेत. एकीनं नवऱ्याचं नाव घातलं, दुसरीनं अक्कांचं.

कायद्याची मदत लागलीच, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न. गैरहजर सदस्याचं काय करायचं? आमच्या गटानं नियम बदलला तो असा. लागोपाठ दोन बैठका चुकल्या की दंड लावायच्या आधी दोघी जणी घरी जातात. वसुलीला नाही, वहीसुद्धा नेत नाहीत. कोणी जायचं ते तिच्या जवळच्या असतील त्यांनी ठरवायचं. गेल्यावर सल्ला द्यायचा नाही, हे फार कठीण जातं. आपल्याला गप्प बसवत नाही. 'सकारात्मक विचार कर' हे वाक्य तर आम्ही गटात बंदच केलंय. पाय मोडलेल्या बाईला 'सकारात्मक चाल' असं कुणी म्हणत नाही. त्यापेक्षा विचारावं, झोप लागते का? जेवण जातं का? मनात काय येतं? हातातलं एखादं काम आपण करावं, पाणी भरावं, पोराला शाळेत सोडावं. आणि तिचं दवाखान्यात जायचं ठरलं, तर सोबत कोण येणार ते तिथंच नक्की करावं.

तिचा हप्ता आम्ही अर्धा केला आणि मुदत वाढवली. तिचा दंड माफ केला. ग्रामसंघातून यावर दोन मतं आली: असं केलं तर सगळ्याच आजारी पडतील. अजून तरी तसं कुणी केलेलं नाही.

बोलण्यात 'मी नसले तरी चालेल', 'आता सुटले की बरं', 'पोरांचं तुम्ही बघाल ना' असं काही आलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ऐकतंय म्हणून हलकं वाटतं. तिला एकटीला सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात जायला हवं. आणि १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फक्त जिवावरच्या वेळेसाठीच नव्हे, झोप येत नाही एवढ्यासाठीही तिथं फोन करता येतो. घरच्या माणसानं सल्ला घेण्यासाठी केला तरी चालतो. नंबर लिहून घ्या, आम्ही परत सांगतो: एक, चार, चार, एक, सहा. जीव धोक्यात असेल तर मात्र आधी १०८ ची गाडी बोलवा.

आपल्या दशसूत्रीतलं सहावं सूत्र आरोग्याचं आहे. त्यात आपण रक्तवाढीच्या गोळ्या, लसीकरण, परसबाग सगळं धरतो. मनाचा विषय आमच्या गटाच्या वहीत कधी आलाच नव्हता, आता महिन्यातून एका बैठकीत घेतो. आठवं सूत्र पंचायतीतल्या सहभागाचं. तेही या कामात लागलं. कारण तिच्या गोळ्या दोनदा सरकारी दवाखान्यात संपल्या होत्या आणि बाहेरून विकत घ्याव्या लागल्या. १ मेच्या ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा होते, तिथं आम्ही विषय मांडला. कुणाचंही नाव न घेता. 'आमच्या गावातल्या रुग्णांना या गोळ्या महिन्याला लागतात, त्या जवळच्या केंद्रात मिळाव्यात आणि समुपदेशनासाठी ठरलेला दिवस असावा.' सरपंच म्हणाले, असे रुग्ण आपल्या गावात आहेतच कुठे? कुणी बोलेना. मग मागून एक सासू उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात आहे. लिहा." ती म्हणजे तीच, गोळ्या लपवणारी. घरून निघतानाच सुनेनं तिला सांगितलं होतं, बोलायचं असेल तर बोला, माझी ना नाही.

ठराव झाला, निवेदन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलं. गोळ्या आता बहुतेक महिन्यांत मिळतात. समुपदेशनाच्या दिवसाचं अजून काही झालेलं नाही. आमच्या दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी पुढच्या आठवड्यात आहे. उपजिल्हा रुग्णालयात जिथं बोलायला बसवतात त्या खोलीला दार नाही. बाहेर रांगेत उभ्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं. निदान पडदा लावा, एवढी एक ओळ आम्ही निवेदनात वाढवली आहे.

ती परत सचिव झाली आहे. वही परत घेताना तिनं मागची पानं चाळली आणि ती 'हेतुपुरस्सर'ची ओळ वाचली. आम्ही म्हणालो, खोडून टाकतो. ती म्हणाली, राहू दे, पुढं काय झालं तेही लिहू. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पडद्याचा विषय येणार आहे. तिथं ती स्वतः बोलेल की सासू, की आणखी कुणी, ते तिनं अजून सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही.

पुढच्या भागात परसबागेतल्या पालेभाज्या. नमस्कार.